वाळवणातलं सर्किट

मी ते सर्किट घरी न्यायलाच नको होतं. पण सुट्टीत प्रयोगशाळा बंद राहणार, आणि कोणी माझे ट्रान्झिस्टर उपटून रेडिओला लावले तर? बारा ट्रान्झिस्टर परदेशातून यायला वर्ष लागलं होतं. म्हणून पेटी उचलली आणि समुद्राकाठच्या त्या विद्यापीठातून थेट रनाळ्याला, माझ्या गावी आलो.

साठीच्या दशकातली गोष्ट. आकडे मोजणारं सर्किट बनवायचं, हे माझं संशोधन. बटण दाबलं की सहा बल्ब हिशेबानं लागायचे, विझायचे. जूनमध्ये बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यासमोर ते चाललं नाही तर शिष्यवृत्ती बंद, म्हणजे शिक्षणही बंद. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेटीत काय आहे हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. यांना काय कळणार, असा माझा तोरा!

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली होती. घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर मायनं वर्षाचं वाळवण घातलेलं: कुरडया, मिरच्या, गोधड्या. आमच्याकडे मे महिन्यात जपायची प्रत्येक वस्तू ऊन खाऊन येते. मी एक दिवस नंदुरबारला गेलो, संध्याकाळी परतलो तर पेटी रिकामी. धावत धाब्यावर गेलो. कुरडयांच्या शेजारी, लोखंडी पत्र्यावर, माझं सर्किट उघडं पडलेलं. हात लावला तर चटका बसला.

"माय, हाई काय करं तू?"

"पेटीले कुबट वास ई ऱ्हायंता भाऊ. सादळेल व्हतं. ऊन दखाडं."

खाली आणून सेल जोडला. सहाही बल्ब एकदम लागले आणि तसेच राहिले. बटण दाबून दाबून अंगठा दुखला, एकही विझेना. गार झाल्यावर पुन्हा पाहिलं, तेच. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर ते, उन्हात कामातून गेले.

माझं डोकंच फिरलं. एरवी मायशी मी अहिराणीतच बोलायचो, पण त्या संध्याकाळी साहेबासारखा शुद्ध मराठीत कडाडलो, "तुझ्या अडाणीपणानं माझं शिक्षण जाळलंस!" शाळेत न गेलेल्या मायला ते वाक्य बरोबर कळलं. ती वर जाऊन मिरच्या गोळा करत बसली. दुसऱ्या सकाळी मी तिच्या पाया न पडता निघालो.

प्राध्यापकांना सगळं खरं सांगितलं. ते रागावतील म्हणून मान खाली घालून उभा होतो. ते म्हणाले, "अरे, ही चाचणी तू करायला हवी होतीस! आपल्या उन्हाळ्यात जे मरतं ते आपल्या काय कामाचं?" परीक्षकांपुढे मी मेलेलंच सर्किट ठेवलं आणि ते का मेलं ते सांगितलं. शिष्यवृत्ती टिकली. पुढचं सगळं काम उष्णतेवरच झालं: जर्मेनियमऐवजी सिलिकॉन का हवं, जोडणी कशी बदलायची. परदेशात तेव्हा अख्खं सर्किट नखाएवढ्या तुकड्यावर बसवायला लागले होते, त्या वाटेला मी लागलो तो मायमुळे.

हे तिला कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. वडील वाचून दाखवायचे. पण वडिलांनी मोठ्यानं वाचावं, असा माफीनामा लिहायची मला लाज वाटली. दिवाळीला तोंडानंच सांगू, म्हटलं. कसली दिवाळी न् कसलं काय! भादव्यात तार आली. तापाचं निमित्त झालं आणि माय गेली. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

दहाव्याच्या दिवशी बहीण माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, शेवटचे दोन-तीन महिने मायनं गावात येणाऱ्या एकाही शिकलेल्या माणसाला सोडलं नाही. मास्तर असो, तलाठी असो, लस टोचणारा असो, वाट अडवून हात जोडायची आणि विचारायची, "चूक मन्ही शे. मन्हा पोऱ्याले परत शाळामा बसाडतीन का?"

आणि मी एक दिवसही घरी बसलो नव्हतो.