तांडेलांचं चुकलेलं मत

आमच्या तांडेलांनी जेवढं जग पाहिलं होतं, तेवढं अख्ख्या ठाण्यात कुणी नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. खाडीवरच्या कोळीवाड्यातले हे गृहस्थ तरुणपणी एका गोऱ्या कप्तानाच्या जहाजावर चढले आणि पार पश्चिमेच्या समुद्रातल्या, उसाच्या एका चिमुकल्या बेटावर अडकून पडले. जहाजाची डोलकाठी मोडली होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत बेटावर निवडणूक चालली होती. तेवढ्या मुक्कामावर तांडेल जन्मभर जगले. बेट एवढंसं, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाला घराबाहेर पडलेला माणूस परत फिरावा. कालवणात मीठ कमी पडलं तरी ते म्हणत, "आमच्या बेटावर असं नसतं." मग तुम्ही परत आलात कशाला, असं त्यांची बायको सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारी.

पुढे आमच्या म्युनिसिपालिटीतही निवडणूक आली आणि तांडेल उभे राहिले. समोर एक वकीलसाहेब. मी त्यांचाच कारकून. तांडेलांचं मागणं एकच होतं. ओहोटीला आमच्या बायका मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन मांडीभर चिखलातून येतात, तिथे दगडी धक्का हवा. बेटावर उमेदवार दारोदार टोपी काढून उभे राहत, म्हणून तेही आपली लाल टोपी काढून दारात गप्प उभे राहू लागले. बोडक्या डोक्याचा माणूस दारात पाहून एका म्हातारीने गळाच काढला. घरात कुणी गेलेलं नाही, हे तिला पटवण्यात सकाळ गेली. जाताना ती म्हणाली, "मेल्या, आता मत दिलंच पाहिजे तुला. फुकट रडले मी." तिच्या मुलाने खरंच दिलं.

मीही वचन दिलं होतं. मताचा हक्क घरपट्टी भरणाऱ्या थोड्यांनाच. एकेकाने खोलीत जायचं, ज्याला मत द्यायचं त्याचं नाव सांगायचं, लेखनिकाने ते उतरवायचं. मी आत गेलो तर टेबलापाशी वकीलसाहेब तपकिरीची डबी उघडत उभे. घरात बायकोचे दिवस भरत आलेले. माझ्या तोंडून वकीलसाहेबांचं नाव गेलं. बाहेर तांडेल वाट पाहत होते. मी म्हणालो, "तुम्हालाच दिलं." त्यांनी खिशातला गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं.

तांडेल एका मताने पडले.

कोळीवाडा भडकला. वचन देणाऱ्यांपैकी कुणीतरी फिरलाय, त्याला शोधायचाच, असं ठरलं. एकेकाला देवीच्या देवळात शपथ घ्यायला लावू लागले. माझी पाळी जवळ आली, तेव्हा तांडेल हळूच म्हणाले, "अरे, थांबा. माझंच मत मी वकिलाला दिलं. आमच्या बेटावर उमेदवार एकमेकांना मत देतात. रीत आहे ती."

पोट धरून हसले लोक. तेव्हापासून ठाण्यात कुणी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, की त्याला 'बेटावरचा' म्हणू लागले. लग्नाच्या पंगतीत तांडेलांना विचारत, "लाडू तुम्ही खाणार, की शेजाऱ्याच्या पानात वाढू?" ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत. मीही हसलो. आज लिहितो आहे ते त्या हसण्याबद्दल.

तांडेल गेल्यावर दहाव्याला, मतं उतरवणारा आणि निवडणूक संपताच परगावी बदलून गेलेला तो लेखनिक माझ्या शेजारी बसला होता. मी त्याच्यापाशी बेटावरच्या रीतीची थट्टा काढली. तो चकित झाला. म्हणाला, "कसली रीत? दारातूनच स्वतःचं नाव ओरडत आले होते ते. मी म्हटलं, जरा हळू."

म्हणजे त्यांचं मत त्यांनाच पडलं होतं. कमी पडलं होतं ते माझं, आणि गुळाचा खडा देऊन माझ्या तोंडाकडे पाहिलं तेव्हाच त्यांना ते कळलं असणार.

धक्का अजून झालेला नाही. ओहोटीला मी कधी काठी टेकत तिथे जातो. बायका चिखलातून येतात आणि मला पाहून हसत विचारतात, "काय आजोबा, बेटावर निघालात?" मी टोपी काढून उभा राहतो. त्यांना वाटतं, म्हातारा गंमत करतोय.