बावन्न नंबर

दर शुक्रवारी सकाळी आठला आर्लीनच्या खानावळीत, खिडकीजवळच्या टेबलावर, तोच वाद पेटायचा. अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक अंतिम सामन्यात एकट्या माणसाने गाजवलेला सगळ्यांत मोठा पराक्रम कोणता?

स्टॅश विल्कोश म्हणायचा, शहात्तरचा लिन स्वान. "चार झेल, एकशे एकसष्ट यार्ड! आणि दोन आठवड्यांपूर्वी तोच माणूस डोक्याला मार बसून इस्पितळात पडला होता!" डेल ओबर्ग बशीतल्या अंड्यावर काटा आपटत म्हणायचा, "हॅरिसन. शंभर यार्ड पळाला तो गडी, शंभर! शेवटी श्वास घेता येईना त्याला." दोन्ही खेळाडू पिट्सबर्गचेच, त्यामुळे भांडण घरातलंच. पण ऐकणाऱ्याला वाटावं, आता टेबल उलटणार.

मग कुणीतरी मायलो हुदाककडे वळायचं. "तुझा तो डॅलसवाला ना? हरलेला?"

"चक हाउली," मायलो म्हणायचा. "हरलेल्या संघातून सामन्याचा मानकरी झालेला एकटाच आहे तो."

"अरे, पण हरलाच ना शेवटी!"

मायलो खांदे उडवून कॉफी प्यायचा. का हाच, असं त्याला कुणी कधी विचारलं नाही आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

मायलो एकोणसत्तर वर्षांचा होता. तरुणपणी कोल्टन फोर्ज गावच्या काचेच्या कारखान्यात होता. तो बंद पडल्यावर बावीस वर्षं त्याने जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायची गाडी चालवली. उंच बसायचं, समोर पांढरं, मागे पांढरं, शेजारी कुणी नाही. ते काम त्याच्या अंगवळणी पडलं होतं. बायको, रोझमेरी, नऊ वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. रविवारी तो टीव्हीवर सामना लावायचा, आवाज बंद करून. समालोचक उगाच बडबड करतात, असं म्हणायचा; पण ते तो म्हणणार कुणाला, घरात ऐकायला कुणी नव्हतंच.

बहात्तरच्या नोव्हेंबरात कोल्टन फोर्जची शाळा पश्चिम भागाच्या अंतिम सामन्यात पोचली होती. समोर वेस्ट आल्डरची शाळा. मायलो सतरा वर्षांचा, बचावफळीच्या मधोमध, पाठीवर बावन्न नंबर. त्या दिवशी त्याने चोवीस वेळा माणूस खाली पाडला. तरी शाळा तेरा–दहाने हरली. गावाने ते हरणं तेवढं लक्षात ठेवलं. चोवीस हा आकडा दुसऱ्या कुणी मोजलाही नव्हता. तो मायलोच्या आईने कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने रेघा मारून ठेवला होता.

एका ऑक्टोबरातल्या शुक्रवारी खानावळीचं दार उघडून एक उंच, वाळलेला म्हातारा काठी टेकत आत आला. गल्ल्यापाशी थांबून त्याने आर्लीनला काहीतरी विचारलं. तिने बोट दाखवलं. तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"बावन्न ना तू?"

मायलोने मान वर केली. चेहरा ओळखीचा नव्हता. पण त्याच्या उभं राहण्यात, डावा खांदा किंचित पुढे काढण्यात काहीतरी होतं. "टिबेट," मायलो म्हणाला. "एल्वुड टिबेट. वेस्ट आल्डरचा."

"बसू का?"

स्टॅश सरकला. वाद ऐन भरात होता, म्हणून डेलने नव्या माणसालाही त्यात ओढलं. "तुम्हीच सांगा पाव्हणे, अंतिम सामन्यातला सगळ्यांत मोठा खेळाडू कोण?"

"टीव्हीवरच्यांचं मला काय विचारता," एल्वुड म्हणाला. "मी अंतिम सामना एकच खेळलो. अडतीस वेळा चेंडू घेऊन पळालो आणि जिकडे जावं तिकडे हा उभा. पुढे कारखान्यात दोन बोटं गेली माझी, पण तेवढं दुखलं नाही. याच्यापेक्षा मोठा मी तरी पाहिला नाही."

"कोण, हा?" डेल हसला. "आमचा मायलो?"

स्टॅश हसला नाही. तो त्या दिवशी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला होता. "आपण हरलो होतो ना त्या वर्षी," तो हळूच म्हणाला आणि साखर ढवळत बसला.

मायलोचे कान लाल झाले होते. "चल, बाहेर जाऊ," तो एल्वुडला म्हणाला.

गाड्या लावायच्या जागेत वारा होता. एल्वुड काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. स्वादुपिंडाचा आजार आहे, त्याने सांगितलं. डॉक्टर फार दिवस देत नाहीत. मग म्हणाला, "शेवटचा डाव आठवतो?"

आठवतो का! आठ सेकंद उरले होते. शेवटची रेषा एक यार्डावर. एल्वुड चेंडू पोटाशी धरून घुसला, मायलो त्याच्या गुडघ्यांना भिडला आणि वर दहा-बारा पोरांचा ढीग कोसळला. पंचाने दोन्ही हात वर केले: चेंडू रेषेपार, सामना वेस्ट आल्डरचा.

"मी पोचलो नव्हतो," एल्वुड म्हणाला. "रेषा वीतभर पुढे होती. पडल्यावर मी चेंडू पुढे सरकवला. बावन्न वर्षं कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही."



"मला माहीत होतं," मायलो म्हणाला.

"काय?"

"माझं तोंड रेषेवरच होतं. चुना नाकात गेला होता. चेंडू माझ्या डोळ्यांसमोरून पुढे गेला. मी आमच्या प्रशिक्षकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, हरल्यावर पंचाला दोष देणारी पोरं मला नकोत. मग नाही बोललो कधी."

"आत जाऊन सांगतो मी त्या दोघांना. आत्ता."

"नको."

"का रे?"

"आठवडाभर चघळतील आणि परत स्वानवर येतील." मायलोने एल्वुडच्या गाडीचं दार उघडून धरलं. "तू मला सांगितलंस, बास झालं."

त्या रविवारी दुपारी एकला मायलोचा फोन वाजला. "लावलायस का सामना?" एल्वुड विचारत होता. मग ते दर रविवारचंच झालं. दोन गावांत साठ मैलांचं अंतर; दोघे आपापल्या घरी, फोन टेबलावर, आवाज मोठा करून. बोलणं फार नसायचंच. "बघितलंस?" "बघितलं." "गाढव आहे." "अगदी." मध्येच एल्वुडच्या घरातली भांडी वाजायची, कुणीतरी त्याला औषध घ्यायला सांगायचं. मायलो जेवण आता स्वयंपाकघरात न घेता फोनपाशी घेऊ लागला. एल्वुडला वाद घालायला आवडायचं. मायलोचा हाउली त्याला पटायचा नाही. "अठ्ठ्याऐंशीचा तो वॉशिंग्टनचा पोरगा बघ. टिमी स्मिथ. दोनशे चार यार्ड, पहिल्याच वर्षी! आणि त्यानंतर काही नाही. एकच दुपार मिळाली त्याला." "एक तरी मिळाली," मायलो म्हणायचा.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी फोन आला नाही. मायलोने लावला, उचलला गेला नाही. पुढच्या रविवारीही नाही. जानेवारीत एल्वुडच्या मुलीचा फोन आला. वडील गेले; त्यांच्या फोनमध्ये हा नंबर फार वेळा दिसला, म्हणून कळवते, म्हणाली. कोण बोलतंय, हे तिला ठाऊक नव्हतं.

मायलो लग्नातला कोट घालून अंत्यविधीसाठी साठ मैल गेला. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला. नंतर तळघरात जेवण होतं: हॅम, शेंगा, पाउंड केक. सगळे एकमेकांचे, त्याला फक्त खुर्ची मिळाली. एल्वुडची मुलगी पाहुण्यांचे हात हातात घेत येत होती. "तुम्ही बाबांना कुठून ओळखता?"

"एक सामना खेळलो होतो."

"एकाच संघात?"

"नाही. समोर."

शेजारचा म्हातारा वळला. "बहात्तरचा? कसा होता हो तो त्या दिवशी? आम्हाला तर कधी बोललाच नाही."

आणि मायलो बोलू लागला. थंडीत गोठलेलं मैदान, एल्वुडचं अडतीस वेळा चेंडू घेऊन पळणं, एकेक. कुठे एल्वुड डावीकडे झुकला, कुठे तीन पोरांना ओढत नेलं. फुटलेल्या ओठाने तो उठायचा आणि प्रत्येक वेळी आधी खाली पडलेल्याला हात द्यायचा, समोरच्या संघातला असला तरी. हळूहळू खुर्च्या वळल्या. नातवंडं जमिनीवर येऊन बसली. इतकं सलग मायलो वर्षानुवर्षं बोलला नव्हता. मध्ये त्याचा आवाज बसला, तर कुणीतरी पाणी दिलं.

"आणि शेवटी?" मुलीने विचारलं.

"शेवटी एक यार्ड होतं," मायलो म्हणाला. "मी त्याचे गुडघे धरले होते. तरी तो गेला."

"म्हणजे सगळ्यांत मोठा तोच," म्हातारा म्हणाला.

"मी पाहिलेल्यांत तोच."

मुलगी रडली. तिने केकचा एक तुकडा चंदेरी कागदात गुंडाळून मायलोच्या हातात दिला, पुन्हा या म्हणाली, आणि दुसरे पाहुणे आले म्हणून तिकडे गेली. येणं होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. मायलो कोट चढवून बाहेर आला. गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता. तो त्याने बाहीने पुसला. घरी पोचेपर्यंत चार वाजले. बूट न काढताच तो खुर्चीत बसला आणि केक तिथेच, कागदातूनच खाल्ला.