आपांनी न मोजलेला तुकडा

शिकवता शिकवता आपा मध्येच थांबत, खिडकीबाहेर बघत आणि बोटाने हवेत रेघा ओढू लागत. बाहेर फुटलेल्या कापसाचं पांढरंशुभ्र वावर असे. "आपा गेल्या!" आम्ही मुली कुजबुजायचो. जरा वेळाने त्या झोपेतून उठल्यासारख्या हसत. "निघाले गं, सगळे त्रिकोण निघाले."

अमडापूरच्या शाळेत त्या आम्हाला गणित शिकवायच्या. डब्याचा चौकोनी रुमाल टेबलावर पसरून त्या कोपऱ्यावर कोपरा ठेवत. "देखा? त्रिकोण म्हणजे आधा चौकोन. बस, इतकंच हाय." आणि नेहमी सांगत, "वाकडं काही नसते पोरींनो. त्यातले त्रिकोण दिसत नाहीत, म्हणून वाकडं वाटते."

त्या वर्षी बीटी कपाशीवर बोंडअळी पडली. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. घराघरांत चिडचिड वाढली. माझे बाबा आणि धाकटे काका वाटणीवर आले, एकमेकांशी बोलेनासे झाले. आमचं वावर नाल्याच्या वळणाने वेडंवाकडं. मधला बांध, धुरा, कुठे टाकायचा, यावरून एकदा दोघांच्या हातात दगड आले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात रडतच विचारलं, "आपा, आमच्या वावराचं क्षेत्रफळ निघंन काय?"

रविवारी आपा दोर आणि खुंट्या घेऊन आल्या. दिवसभर उन्हात त्यांनी वावराचे त्रिकोण पाडले, पाया आणि उंची मोजली, दोन वाटे सारखे केले. उरला विहिरीजवळचा काळ्या मातीचा तिकोनी तुकडा. तो दोघांनाही हवा होता. आपा त्याच्याकडे बघत कितीतरी वेळ धुऱ्यावर बसून राहिल्या.

"भाऊ, हा मी मोजणार नाही."

"काऊन?" काकांनी विचारलं.

"मोजला का तोडा लागते. घरातल्या बायांले देऊन टाका. दोघी मिळून करतीन."

का कोण जाणे, बाबांनी दोर गुंडाळला, काकांनी उरलेल्या खुंट्या उचलल्या. आई आणि काकूंनी तिथे मेथी, वांगी लावली. कापूस दोन्ही वाट्यांत बुडाला. त्या हिवाळ्यात दोन्ही घरांच्या ताटात भाजी त्या तुकड्यातली होती. भावांचा अबोला मात्र सुटला नाही.

उन्हाळ्यात आपांची मेहकरकडे बदली झाली. आई आणि काकू वांग्यांची पिशवी घेऊन स्टँडवर गेल्या. बाबा सायकलवर आले, काका पायी. दोघं दोन बाजूंना उभे राहिले. खिडकीतून आपांनी दोघांनाही हात जोडले. एस.टी. हलली, धूळ उडाली, बसली.

सायकल वळवून बाबा तसेच उभे राहिले. मग काकांकडे न बघताच म्हणाले, "बस ना बे मांगं."

काका बसले.