खांडेनवमीला पुसलेले पिंजरे

नाचणगावच्या सुलोचनाताई वर्ध्याच्या एका प्रयोगशाळेत डास सांभाळतात. मी तिथेच ऑफिसात बसते. डास मारायचे सोडून पाळता, म्हणून लोक हसतात. ताई म्हणतात, "मलेरिया कोणता डास पसरवते, हे पाळल्याबिगर कसं समजन?"

त्यांच्याकडे जाळीचे दोन पिंजरे होते. डास दोन्हींत सारखेच, भिंगाखालीही फरक दिसत नाही. पण जाती वेगळ्या. एक मलेरिया पसरवते, दुसरी फारशी नाही. ओळख एवढीच, की पहिलीच्या पिंजऱ्याला लाल दोरा आणि दुसरीच्या पांढरा.

खांडेनवमीला आम्ही कामाची सगळी अवजारं पुसून पूजतो. ताईंनी पिंजरे फळीवरून उतरवले, दोरे भिजू नयेत म्हणून सोडून ताटात ठेवले, चौकटी पुसल्या. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. परत बांधायला गेल्या तर कोणता पिंजरा कोणता, तेच कळेना.

आमचा चपराशी प्रेमदास म्हणाला, "बांधून टाक ना बाई कसेबी. मच्छर काय साहेबाकडं तक्रार कराले जाणार हाय?"

"मच्छर नाई जाणार. पण यायच्यावर पुढं जो अभ्यास होईन, तो सारा खोटा होईन ना."

त्या तशाच प्रयोगशाळा चालवणाऱ्या सुश्रुत सरांकडे गेल्या आणि सांगून मोकळ्या झाल्या. सरांनी येऊन दोन्ही पिंजरे पाहिले. मग म्हणाले, "ओळख पटली नाही तर दोन्ही पिंजऱ्यांतले डास मारून टाकावे लागतील, ताई." कितीतरी वर्षं ताईंनी त्या पिढ्या वाढवल्या होत्या.

उपायही सरांनीच काढला. दुसऱ्या प्रयोगशाळेतून त्यांनी लाल दोऱ्याच्या जातीची अंडी मागवली. या दोन जाती आपणहून जुळत नाहीत. हाताने जोडी लावली तर पिल्लं होतात, पण त्यातले नर निर्बीज निघतात. म्हणून नव्या अंड्यांतले नर वाढवायचे आणि दोन्ही पिंजऱ्यांतल्या, नर न भेटलेल्या माद्यांशी त्यांची जोडी लावायची. ज्या माद्यांचे मुलगे निर्बीज, त्यांचा पिंजरा पांढऱ्या दोऱ्याचा.

जोडी लावताना मादीला औषधाने गुंगी आणतात आणि नराचं डोकं छाटून त्याला टाचणीच्या टोकावर धरतात; डोकं गेलं तरी तो जुळतो. प्रत्येक नरामागे ताई पुटपुटत, "माफ करजो, बाप्पा."

"एवढी माफी मांगून राह्यली, देवालेबी कटाळा आला असन," प्रेमदास म्हणायचा.

"तू काऊन मोजून राह्यला? तुले काम नाई का?"

माद्यांना रक्त पाजलं, अंडी झाली, पिल्लं वाढली. तोवर दिवाळी येऊन गेली. त्या दिवसांत ताई जेवणाचा डबा अर्धाच संपवत. मीही सांजेला देवापुढे त्यांच्यासाठी हात जोडत होते.

शेवटी सरांनी दोन्हीकडचे काही मुलगे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. एका पिंजऱ्याकडचे धडधाकट होते. दुसऱ्याकडच्यांत बीजच नव्हतं. "सापडले, ताई," सर म्हणाले. "दोन्ही जाती राहतील."

ताईंनी दोन्ही दोरे आपापल्या पिंजऱ्याला बांधले. पदराने तोंड पुसलं.

उरलेल्या निर्बीज नरांचं आता काही काम नव्हतं. सर म्हणाले, मारून टाका. ताईंनी विचारलं, "आपोआप मरेतोवर राहू द्या ना जी? त्यायनं आपलं काम केलं."

सर हसले, "राहू द्या."

नर रक्त पीत नाहीत. शेवटचा मरेपर्यंत ताई रोज सकाळी आल्या आल्या आधी त्यांच्यासाठी साखरपाण्याचा बोळा ओला करून ठेवत आणि मग बाकीच्या कामाला लागत.