एक्सेलमधला मोर

"हा मोर नायनांचा नाही," लावण्या मॅडम म्हणाल्या.

माझ्या काउंटरवर दोनशे कार्डं छापून तयार होती. त्यांनी एक उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, परत ठेवलं. मी म्हणालो, "मॅडम, मशीनमध्ये असंच येतं."

हे खोटं होतं. सोलापुरात साखर पेठेच्या बाजूला माझं डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुकं, बॅनर कॉम्प्युटरवर मांडून छपाईला तयार करणं. बावीस वर्षं हेच करतोय. मशीनमध्ये काय येतं आणि काय येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी बोललो.

झालं होतं असं. लावण्या मॅडम एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहेत. त्यांचे वडील चादरीच्या कारखान्यात डिझायनर होते. वडिलांना त्या तेलुगूत नायना म्हणतात. पूर्वी चादरीवरचं चित्र आधी ग्राफच्या कागदावर काढायचे. कागदावरचं एकेक घर रंगवायचं, त्यावरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या भोकांप्रमाणे माग धागे उचलायचा. नायनांनी चाळीस वर्षं अशी घरं रंगवली. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं, कारखान्याने जुने ग्राफ रद्दीत काढले. घरच्या पेटीत एकच उरला होता, मोराचा.

नायनांचा पंचाहत्तरावा वाढदिवस रविवारी होता. निमंत्रणाचं कार्ड मॅडमनी घरीच केलं होतं, एक्सेलमध्ये. एक्सेल म्हणजे हजेरी, पगार मांडायचं सॉफ्टवेअर. त्याच्या पानावर सगळे रकानेच असतात. मॅडमनी रकाने बारीक केले आणि पेटीतल्या कागदावरून एकेक घर मोजून रंग भरला. आडवी एकशेवीस घरं, उभी एकशे चव्वेचाळीस. तीन आठवडे लागले. तेवढे दिवस नायनांना त्या खोलीत मज्जाव होता.

पेनड्राइव्ह उघडल्यावर मला हसू आलं. "एक्सेलमध्ये पत्रिका?"

"मला तेवढंच येतं," त्या म्हणाल्या. "जसं आहे तसं छापा."

मी हो म्हणालो आणि त्या गेल्यावर काम 'सुधारलं'. मोराच्या मानेला पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या. आमच्या धंद्यात त्या म्हणजे कच्चं काम. मी कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस मारला. ट्रेस म्हणजे चित्राच्या कडेने कॉम्प्युटरच गुळगुळीत रेघ ओढतो. मान झोकदार झाली, पिसारा गोल झाला. मला वाटलं, बाई खूश होतील.

माझं मशीनचं उत्तर ऐकून त्या कार्डं पिशवीत भरून निघाल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी जेवायला घरी गेलो. जेवून पलंगावर टेकलो, तर हाताखाली चादर. आमच्या गावात चादर कोण निरखून बघतो? जन्मापासून अंगावर आहे. त्या दिवशी मी चष्मा लावून तिच्यावरच्या फुलाच्या कडेने बोट फिरवलं. पाकळी गोल नव्हती. पायऱ्या होत्या. एक घर वर, दोन घरं बाजूला, परत एक वर. लांबून गोल दिसावं म्हणून कुणीतरी मोजून घातलेल्या. मी कच्चं काम समजून पुसलं होतं ते नायनांचं हस्ताक्षर होतं.

तिथूनच फोन लावला. "मॅडम, कार्डं वाटू नका. मशीनचं मी खोटं सांगितलं. मोर मी बदलला. परवा सकाळी नवीन कार्डं देतो."

 मग त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पण तुम्ही एवढ्या खात्रीने बोललात की मलाच माझी शंका आली."

हे मला जास्त लागलं.

लगेच दुकानात जाऊन बसलो. छपाईचं चित्र बारीक टिंबांचं असतं. प्रत्येक घराला सारखीच टिंबं मिळाली नाहीत तर एक घर जाड, एक बारीक होतं आणि मोर फाटल्यासारखा दिसतो. मी एका घराला बारा टिंबं आडवी, बारा उभी दिली. एकही कड गुळगुळीत केली नाही. नमुना छापला. कड सुरीसारखी आली.

मॅडम संध्याकाळी पहिली कार्डं परत घेऊन आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "आता मोर नायनांचाच आहे. पण वाळलाय."

खरंच उंच आणि किडकिडीत दिसत होता. एक्सेलमध्ये स्क्रीनवर एक दिसतं, कागदावर दुसरं येतं, त्यामुळे मूळ फाइलवरून माप कळेना. मॅडमनी घरं मोजली होती, मापली नव्हती. आणि मूळ कागद परत पेटीत गेला होता, पेटी नायनांच्या पलंगाखाली; पुन्हा काढली तर त्यांना संशय आला असता.

"त्यांनाच विचारतो," मी म्हणालो.

"त्यांना कळलं तर सगळं संपलं," मॅडम म्हणाल्या. "जा, पण कार्डाचं नाव काढू नका."

दुसऱ्या दिवशी गेलो. नमुन्यातला मजकूर कापून फक्त मोर नेला होता. नायना दारातल्या खुर्चीत पेपर वाचत होते. मी म्हणालो, "एका बेडशीटवाल्याचं काम आलंय. मोर जरा चुकल्यासारखा वाटतो." दोन दिवसांतलं माझं हे दुसरं खोटं.

त्यांनी कागद हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला.

"बेडशीटवाल्याचा मोर?"

"हो."

"उपाशी ठेवलाय की वो त्यानं."

मी त्यांच्या खुर्चीजवळ पायरीवर टेकलो.

"घर चौकोनी घेतलं तुमी. चादरीचं घर चौकोनी नसतंय," ते म्हणाले. "उभा धागा विरळ, आडवा दाट. आडवी दहा घरं जेवड्या जागेत बसतात, तेवड्यात उभी बारा बसायला पायजेत. घर बसकं करा, मोर आपोआप अंग धरतोय."

मी खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. निघताना त्यांनी विचारलं, "बेडशीटवाला कुठला म्हणायचा?"

"दुधनीचा," मी म्हणालो. तिसरं.

दुकानात येऊन घराला आडवी बारा टिंबं ठेवली, उभी दहा केली. बाकी कशाला हात लावला नाही. प्रिंट बाहेर आली आणि मी खुर्चीतून उठलोच. मान भरलेली, पिसारा रुंद, पाय जमिनीला टेकलेले. मॅडमना प्रिंट दाखवली. त्यांनी मानेच्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "छापा." कबूल केल्याप्रमाणे सकाळी दोनशे कार्डं दिली.

रविवारी मलाही बोलावलं होतं. हॉलमध्ये पाहुण्यांसमोर मॅडमनी पहिलं कार्ड नायनांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि नखाने तुऱ्यावरची घरं मोजायला सुरुवात केली.  सात घरं मोजली, मग मानेच्या पायऱ्या. 

"एकपण घर चुकलं नाही," ते म्हणाले. मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. टाळ्या थांबल्यावर त्यांनी गर्दीत मला शोधलं.

"काय वो, तुमचा बेडशीटवाला दिसना कुटं. दुधनीची गाडी चुकली काय?"

मॅडम हसू लागल्या. मी पुढे जाऊन सगळ्यांसमोर तिन्ही खोटी कबूल केली, मशीनपासून दुधनीपर्यंत. नायना म्हणाले, "माजा मोर मला कळंना व्हय? पण पोरगी तीन आठवडे दार लावून बसलेली. तिची गंमत मी कशाला मोडू?"

त्या महिन्यात वाढदिवसाला आलेल्या तीन कुटुंबांकडून मला एक्सेलच्या फाइली आल्या. सगळ्यांना चादरीतली चित्रं कार्डावर हवी होती, आणि मी प्रत्येकाला आधी घराचं माप विचारलं.

पहिली दोनशे कार्डं अजून दुकानात आहेत. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी लिहून घेतो. गिऱ्हाईक "जसं आहे तसं छापा" म्हणालं, की कार्ड उलटून त्या गुळगुळीत मोराकडे एकदा बघतो आणि तसंच छापतो.