पत्र्यांखालचा कागद

मी चौथी नापास. सून कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मी काही बोललो की ती फळा पुसावा तसं पुसून टाकते. आमचं पटत न्हाई, पटावं अशी माझी इच्छाबी न्हाई.

गेल्या वर्षी माझ्या बोटांचे सांधे सुजले. उभ्या आयुष्यात चादरीच्या मागावर तुटल्या धाग्याची गाठ मी न बघता मारली, आता शर्टाचं बटण लागेना. डॉक्टरनं इंजेक्शन सांगितलं, पण आधी छातीचा फोटो काढा म्हणाला. पूर्वी कधी टीबी झाला होता का, हेबी विचारलं. सून शेजारीच बसलेली. मी म्हणालो, "न्हाई."

झाला होता. तरुणपणी. बरं वाटल्यावर गोळ्या अर्ध्यात सोडल्या. एक सोयरीक त्यापायी मोडली, तेव्हापासून तोंड शिवून घेतलं.

घरी आल्यावर मी अडून बसलो. "दुखतंय बोटात, फोटो छातीचा कशाला?"

सून पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मामा, पेशीच्या अंगावर दाराला असते तशी कडी असते. बाहेरून निरोप्या येऊन ती वाजवतो. निरोप एकच, पण आत वाटा दोन. एका वाटेनं पेशी आपली आपण मरते. दुसऱ्या वाटेनं झोपलेली जनुकं जागी होतात आणि आग भडकवतात. तुमच्या बोटांत ती आग सारखी पेटलेली आहे. इंजेक्शन त्या निरोप्यालाच धरून ठेवतं."

"मग धरा की त्याला!"

"तोच निरोप्या जुन्या टीबीचे जंतू छातीत कोंडून ठेवतो. त्याला धरला की ते सुटतात. छाती स्वच्छ आहे ना तुमची? मग घाबरता कशाला?"

"घाबरायला तुझ्या बापाला सांग."

"माझ्या बापानं एव्हाना फोटो काढला असता."

मी उठून बाहेर ओट्यावर बसलो. पण ते कडीचं डोक्यातून जाईना. आमच्या मागावर उभ्या धाग्याधाग्याला एक पातळ लोखंडी पत्री लटकायची. धागा तुटला की पत्री पडायची, माग थांबायचा. दुसऱ्यांपेक्षा माझी चादर जास्त निघावी म्हणून एकदा मी पत्र्यांखाली जाड कागद सरकवला. धागा तुटला तरी पत्री पडेना, माग थांबेना. संध्याकाळी बघतो तर चादरीत हातभर लांब फट. मालकानं विचारलं, कागद कुणी घातला? मी म्हणालो, "ठाऊक न्हाई." माझ्याऐवजी मागावरच्या जोडीदाराला कामावरून काढलं.

आत गेलो. "झाला होता टीबी. गोळ्या पुऱ्या केल्या न्हाईत."

तिच्या हातातलं पेन थांबलं. "डॉक्टरांनी विचारलं, मीही विचारलं! तसंच इंजेक्शन टोचलं असतं तर?"

"टोचलं न्हाई की अजून."

"मेला असतात, मामा."

"तुझी कटकट गेली असती."

ती रडली का काय, मी बघितलं न्हाई.

इंजेक्शन लांबलं. आधी टीबीच्या गोळ्या, महिनोन्‌महिने. बोटं तशीच सुजलेली. रोज सकाळी ती पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहते. गोळी गिळली की म्हणते, "जीभ दाखवा."

मी दाखवतो. लागते त्यापेक्षा जरा जास्तच बाहेर काढून.