टाकीच्या तोंडाशी कंदील

मंडळी, सकाळपासून हे कुणाला तरी सांगायचं होतं.

सांडपाण्याच्या गाळापासून हायड्रोजन काढायचा माझा प्रयोग तुम्हाला माहीत आहे. गाळ आधी अर्धा तास उकळायचा. त्यात मिथेन करणारे जंतू मरतात, हायड्रोजन करणारे टिकतात. मग तो आंबवला की हायड्रोजन जास्त मिळतो.

आज तोच गाळ आणायला भोकरदनला गेलो होतो. एका वसतिगृहाची मैल्याची टाकी साफ व्हायची होती. हे काम दगडूमामा करतात. झाकण सरकवून त्यांनी दोरीला पेटता कंदील बांधला.

"मामा, हे कशाला?"

"इहिरीत उतरताना बघतोच की, सर. कंदील इझला तर उतरायचं न्हाई."

मी त्यांचा हात धरला. विहिरीत ठीक आहे, पण या टाकीत मिथेन असतो, तो भडकतो, असं सांगितलं. मामांनी कंदील लांब नेऊन विझवला.

परत आले आणि विचारलं, "मंग आत हवा बराबर हाय का, ते कशानं बघायचं?"

मी त्यांना उतरू दिलं नाही, एवढंच. दोरीला बादली बांधून वरूनच गाळ काढला.

आत्ता प्रयोगशाळेत तो उकळतोय. शेजारी यंत्र आहे, एवढ्याशा बाटलीतला वायूसुद्धा मोजणारं.

मामांची उद्या राजूरला टाकी आहे. आज मी त्यांचा कंदीलही विझवायला लावला. उद्या ते कशानं बघतील?